रात्र बोटीवर, दिवस परक्या शहरात

मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहिले की चारही दिशांना जाणारे रस्ते दिसतात. एक बीडकडे, दुसरा धाराशिव, तुळजापूर व सोलापूरकडे, तिसरा पाटोद्यावरून अहिल्यानगरकडे आणि चौथा केज-अंबाजोगाईकडे. दिवसरात्र एसटी, ट्रक आणि खासगी गाड्यांची वर्दळ असलेल्या बालाघाटातल्या या गावाला समुद्र मात्र कोणत्याही बाजूने जवळ नाही. मुंबईचा धक्का येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. या डोंगरांत पडणारे पावसाचे पाणी अखेर गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. माणसे मात्र समुद्र पाहायला पश्चिमेला जातात. अशा गावातल्या एखाद्या तरुण जोडप्याने पाठीवर सॅक घेऊन परदेशी जाण्याचे, एक रात्र बोटीवर काढण्याचे आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी शहरात पायी भटकण्याचे मनात आणले, तर ते आता अशक्य राहिलेले नाही. मात्र रात्रीची बोट म्हणजे नेमके काय, तिच्यात जोखीम कोणती आणि तयारी कशाची करावी लागते, हे निघण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

कोयता आणि सॅक

बीड जिल्ह्यात नवरा-बायकोने मिळून सामान बांधणे आणि कित्येक महिने घराबाहेर राहणे ही गोष्ट नवी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. उचल जोडीच्या नावावर, काम जोडीचे आणि मुक्काम फडातल्या कोपीत. या जिल्ह्यातल्या हजारो जोडप्यांसाठी ‘दोघांचा प्रवास’ या शब्दांचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या हाच राहिला. याखेरीज प्रवास घडे तो देवदर्शनाचा किंवा लग्नकार्याचा, आणि तोही सगळ्या घरादारासह.

म्हणूनच नोकरी-व्यवसायात थोडे स्थिरावलेल्या नव्या पिढीतल्या जोडीने केवळ पाहण्यासाठी आणि सोबत राहण्यासाठी चार पैसे वेगळे काढणे, याला येथे वेगळे मोल आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा खर्च उधळपट्टी वाटू शकतो आणि त्यात काही गैर नाही, कारण कष्टाने मिळवलेल्या पैशाला तोच न्याय लावला जातो. त्यामुळे कमी खर्चाचा, स्वतः आखलेला आणि हिशेब डोळ्यांसमोर असलेला प्रवास अशा जोडप्याला अधिक मानवतो. रात्रीची बोट या हिशेबात बसते, कारण ती वाहनही असते आणि मुक्कामाची खोलीही.

पणजी परदेशात होती तेव्हा

मराठी माणसाला बोटीवरची रात्र अपरिचित नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीला जात असे. अनेक बंदरांत मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत ये-जा करीत. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद राही. मुंबईतल्या गिरणीत काम करणारा कोकणी माणूस डेकवर वळकटी पसरून रात्र काढी.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत पणजी ही पोर्तुगीज सत्तेची राजधानी होती. म्हणजे मुंबईहून निघालेला उतारू दुसऱ्या दिवशी खऱ्या अर्थाने परदेशात उतरत असे. तेथे जकातीची तपासणी होई, चलन वेगळे असे आणि कचेऱ्यांवरच्या पाट्या पोर्तुगीज भाषेत असत. १९५०च्या दशकाच्या मध्यावर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा ही जलवाहतूकही थांबली. गोवामुक्तीनंतर ती पुन्हा सुरू झाली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे अनेकांच्या आजही लक्षात आहेत. सकाळी मुंबई सोडलेली बोट सुमारे २२ तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडवीच्या मुखातून पणजीत शिरत असे.

रस्ते सुधारले, रात्रीच्या बसगाड्या वाढल्या आणि १९८०च्या दशकानंतर ही नियमित सेवा उरली नाही. १९९४ मध्ये वेगवान कॅटामरान बोट आली. ती दिवसाच पोचत असे आणि तीही फार वर्षे टिकली नाही. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर बोटीची गरजच संपली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या जहाजाने मुंबई-गोवा रात्रीचा प्रवास पुन्हा सुरू केला. तिच्यावर १०४ खोल्या होत्या. मात्र हा प्रवास गरजेपेक्षा हौसेचा होता. करोनाच्या साथीच्या काळात ती सेवाही खंडित झाली. त्यामुळे रात्रीच्या बोटीचा अनुभव आज हवा असेल तर मराठी प्रवाशाला बहुधा दूर जावे लागते.

दोन प्रकारच्या बोटी

‘रात्रीची बोट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारची बोट संध्याकाळी एका शहरातून निघते आणि सकाळी दुसऱ्या शहरात पोचते. स्वीडनमधील स्टॉकहोम ते फिनलंडमधील हेलसिंकी आणि ग्रीसमधील पिरेअस ते क्रीट बेटावरील हेराक्लिओन ही तिची ठळक उदाहरणे. दुसऱ्या प्रकारच्या बोटीवर प्रवासापेक्षा मुक्काम महत्त्वाचा असतो. दिवसा ती थोडे अंतर फिरते, रात्री शांत पाण्यात नांगर टाकते आणि दुसऱ्या दिवशी जेथून निघाली त्याच धक्क्यावर परतते. केरळातील आलप्पुळाच्या हाउसबोटी या प्रकारच्या आहेत. मच्छीमारांची जाळी पाण्यात पडत असल्याने त्या संध्याकाळनंतर चालत नाहीत. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरातल्या मुक्कामी बोटीही याच जातीच्या.

पहिल्या प्रकारच्या बोटीचे गणित सोपे आहे. समुद्रावरचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बारा नॉटने जाणारी बोट तासाला जेमतेम २२ किलोमीटर कापते. म्हणजे चारशे किलोमीटरला अठरा तास, आणि वाटेत बंदरे घेतली तर त्याहून अधिक. मुंबई-पणजी बोटीला जवळजवळ एक अहोरात्र का लागे, ते यावरून कळते. आजच्या मोठ्या फेरीबोटी याहून बऱ्याच वेगाने जाऊ शकतात. तरीही स्टॉकहोम-हेलसिंकी बोट सुमारे सतरा तास घेते. वाटेतल्या असंख्य बेटांमधून ती सावकाश जाते, आलांद बेटांवर थांबा घेते आणि प्रवाशांना पहाटे तीनला उतरावे लागू नये म्हणून सकाळची वेळ साधते. पिरेअस-हेराक्लिओन हा प्रवास सुमारे नऊ तासांचा. झोपेपुरता तो नेमका असतो.

खर्चाचा फरक खोलीवरून पडतो. वरच्या मजल्यावरची खिडकीची केबिन सर्वांत महाग. आतल्या बाजूची बिनखिडकीची केबिन तुलनेने स्वस्त. ग्रीसच्या बोटींवर केबिन न घेता केवळ खुर्चीचे किंवा डेकचे तिकीटही मिळते. दोघांनी बिनखिडकीची केबिन घेऊन संध्याकाळचा आणि पहाटेचा वेळ मोकळ्या डेकवर घालवला, तर कमी पैशांत समुद्र तेवढाच पाहायला मिळतो.

हा लाँगची एक रात्र

पहिल्या परदेशप्रवासासाठी भारतीय जोडपी अलीकडे व्हिएतनामकडे मोठ्या संख्येने वळत आहेत. युरोपच्या मानाने खर्च कमी, आणि व्हिसाचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. ऑगस्ट २०२३ पासून हा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळू लागला. राजधानी हनोईपासून हा लाँग उपसागर सुमारे दीडशे किलोमीटरवर असून बसने अडीच-तीन तासांत पोचता येते.

युनेस्कोने १९९४ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या या उपसागरात पाण्यातून सरळ वर आलेली सुमारे १,६०० लहानमोठी बेटे आहेत. बालाघाटचा माणूस डोंगरांना नवखा नसतो. पण हे डोंगर वेगळे. बालाघाट लाव्हाच्या थरांनी, काळ्या बेसाल्टने बनलेला आहे. हा लाँगची बेटे चुनखडीची आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला हा दगड वर उचलला गेला, पावसाच्या पाण्याने तो विरघळत, झिजत गेला आणि नंतर समुद्र पुन्हा आत शिरल्यावर डोंगरांची फक्त शिखरे पाण्यावर राहिली. दगड विरघळणारा असल्यानेच आत मोठमोठ्या गुहा तयार झाल्या आहेत.

मुक्कामी बोट साधारणपणे दुपारी निघते. जेवण, एखादी गुहा, लहान होडीतून फेरी आणि सूर्यास्तानंतर नांगर असा तिचा क्रम असतो. शेजारी इतर बोटीही उभ्या असतात, त्यामुळे संपूर्ण एकांताची अपेक्षा ठेवू नये. तरीही रात्री उशिरा सगळीकडची गाणी थांबल्यावर बोटीच्या अंगावर आपटणारे पाणी ऐकू येते. समुद्रापासून चारशे किलोमीटरवर वाढलेल्या दोघांसाठी ती रात्र खर्चाचा हिशेब विसरायला लावणारी ठरते.

रामदास आणि एस्टोनिया

बोटीचे कौतुक करताना तिचा इतिहास मात्र विसरू नये. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट मुंबईजवळच्या समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. पावसाळी समुद्र, भरगच्च गर्दी, लाटेने बोट कलताच एका बाजूला झालेली धावपळ या गोष्टी त्या दुर्घटनेच्या आठवणींत वारंवार येतात. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने मुंबईला बातमीही उशिरा कळली.

२८ सप्टेंबर १९९४ रोजी टालिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ ही रात्रीची फेरीबोट बाल्टिक समुद्रात बुडाली. वादळात तिच्या नाळेचे झाकण निखळले, वाहने ठेवण्याच्या डेकवर पाणी शिरले आणि बोटीवरील ९८९ जणांपैकी ८५२ जण मरण पावले. मध्यरात्रीनंतर बहुतेक प्रवासी केबिनमध्ये झोपलेले असल्याने अनेकांना डेकपर्यंत येताच आले नाही. या अपघातानंतर युरोपातील फेरीबोटींच्या बांधणीचे आणि प्रवासी नोंदणीचे नियम अधिक कडक झाले.

हा लाँगही अपवाद नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नांगरलेली एक मुक्कामी बोट पहाटे बुडून १२ जणांचा मृत्यू झाला. १९ जुलै २०२५ रोजी अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची एक बोट उलटून तीसहून अधिक जण दगावले. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले.

या घटनांतून प्रवाशाने घेण्यासारखे धडे थोडे पण स्पष्ट आहेत. हंगाम न पाहता तिकीट काढू नये. उत्तर व्हिएतनाममध्ये साधारण जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यागी’ वादळाने हा लाँग परिसराची मोठी हानी केली होती. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ त्या मानाने बरा, फक्त हिवाळ्यात धुके असते. बंदर प्रशासनाने फेरी रद्द केली तर वाद घालू नये. त्यासाठी कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा. बोटीवर पाऊल ठेवताच लाइफ जॅकेट कोठे आहे आणि केबिनपासून मोकळ्या डेकवर जाण्याचा मार्ग कोणता, हे दोघांनीही स्वतः चालून पाहावे. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने विश्वास ठेवला, एवढ्यावर भागत नाही. मोठ्या जहाजांवर सात लहान आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा असतो. तो ऐकल्यावर सामान न घेता नेमून दिलेल्या जागी जमायचे असते. पोहता येत नसेल तर उघड्या डेकवर लाइफ जॅकेट घालण्यात संकोच नको.

‘बोट लागू’ नये म्हणून

घाटात गाडी लागणाऱ्याला समुद्रात बोटही लागू शकते. याचे कारण पोटात नसून डोक्यात असते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग शरीर हलते आहे असे सांगतो, तर केबिनच्या भिंतींकडे पाहणारे डोळे सारे स्थिर आहे असे सांगतात. मेंदूला मिळणाऱ्या या दोन परस्परविरोधी संदेशांतून मळमळ सुरू होते. म्हणूनच डेकवर येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहिल्यावर बरे वाटते, कारण मग डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागतात. बोट मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी हलते, तेव्हा केबिन निवडताना हे ध्यानात ठेवावे. रात्री हलके जेवावे, मोबाइलच्या पडद्याकडे पाहत पडून राहू नये. आल्याच्या वड्या अनेकांना उपयोगी पडतात. औषध घ्यायचे असल्यास ते डॉक्टरांना विचारून आणि प्रवास सुरू होण्याआधी घ्यावे. उलटी सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही.

सकाळचे शहर

बोटीने येणाऱ्याला शहर भेटते ते सकाळी. अशा वेळी हॉटेलची खोली बहुधा दुपारनंतर मिळणार असते. सॅक हॉटेलात ठेवून किंवा सामानघरात जमा करून पायी निघणे हाच उत्तम मार्ग. जुन्या पणजीच्या उतारूचेही असेच होई. धक्क्यावरून वर आले की १९४५ मध्ये उभारलेला आबे फारिया यांचा पुतळा, आदिलशहाचा जुना वाडा, पुढे टेकडीवरचे शुभ्र चर्च आणि फोंतैन्यशच्या रंगीत घरांच्या गल्ल्या हे सारे चालण्याच्या अंतरात होते आणि आजही आहे. परदेशी जाणे जमत नसेल त्या जोडप्याला हा सराव गोव्यातही करता येईल.

हनोईत हीच भटकंती होआन किएम तळ्यापासून सुरू करावी. पंधराव्या शतकातील राजा ले लोई याने परचक्र परतवल्यावर दैवी तलवार या तळ्यातल्या कासवाला परत केली, अशी आख्यायिका आहे. मांजरसुंब्याहून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावरच्या तुळजापूरची भवानी आणि शिवरायांची तलवार ही कथा लहानपणापासून ऐकलेल्याला ती परकी वाटणार नाही. तळ्याच्या उत्तरेला ‘छत्तीस गल्ल्यां’चा जुना भाग आहे. पुण्याच्या तांबट आळीसारखी येथे प्रत्येक गल्ली एकेका व्यवसायाच्या नावाने ओळखली जाते : हांग बाक चांदीची, हांग गाय रेशमाची, हांग मा कागदी वस्तूंची. जवळच पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ होतो. भाताच्या पाणथळ खाचरांत जन्मलेली ही कला शेतकऱ्यांची आहे आणि तिच्यात नांगर, म्हैस, मासेमारी असे सगळे गावचे जग येते. १०७० मध्ये स्थापन झालेले साहित्यमंदिर पाहण्यासाठी निवांत दोन तास हाताशी असावेत.

रस्ता ओलांडणे ही तेथली पहिली परीक्षा. मोटारसायकलींचा लोंढा थांबत नाही. न धावता, न थबकता, एकाच सावकाश गतीने चालत राहिले की चालक स्वतःच बाजूने काढतात. मध्येच मागे फिरणे सर्वांत धोक्याचे. शाकाहारी मंडळींनी ‘अन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. त्यांचा अर्थ शाकाहार. केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने भागत नाही, कारण ‘नुओक माम’ हा माशांपासून केलेला रस कित्येक पदार्थांत असतो. चंद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला अनेक व्हिएतनामी लोक स्वतःही शाकाहार करतात, त्यामुळे ही मागणी तेथे कोणाला विचित्र वाटत नाही.

निघण्यापूर्वी दोघांनी

मांजरसुंब्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतचा पहिला टप्पा पाटोदा-अहिल्यानगर मार्गाने रात्रीच्या बसचा. बीड-अहिल्यानगर रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाल्याने जिल्ह्याच्या मुख्यालयाला प्रथमच रेल्वे मिळाली आहे. तरीही आंतरराष्ट्रीय विमानाच्या वेळेआधी किमान अर्धा दिवस हाताशी राहील अशा बेताने निघावे.

पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध असावे. लग्नानंतर पत्नीने नाव बदललेच पाहिजे, असे पारपत्राचे बंधन नाही. मात्र पारपत्रावर जे नाव आहे, तेच जसेच्या तसे व्हिसावर आणि तिकिटावर असले पाहिजे. एका अक्षराचा फरकही विमानतळावर अडचणीचा ठरू शकतो. प्रवास विमा दोघांचा काढावा आणि त्यात जलप्रवास येतो का, हे वाचून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची वाटणी कागदपत्रांची आणि पैशांची. आपल्याकडे सगळी पाकिटे नवऱ्याच्या खिशात आणि बायकोच्या हाती फक्त पिशवी, अशी रीत अजून दिसते. परक्या शहरात ती धोक्याची आहे. प्रत्येकाचे पारपत्र प्रत्येकाकडे, पैसे दोघांत विभागलेले, प्रती एकमेकांच्या सॅकमध्ये, हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेला आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा रोज सकाळी ठरवलेली असावी. नकाशा दोघांनाही वाचता यावा आणि कोठे जायचे हे एक दिवस एकाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने ठरवावे.

कोयत्याच्या हिशेबात जोडी एक आकडा असते. सॅक पाठीला लावलेल्या जोडीने दोन माणसे म्हणून निघावे, म्हणजे बोटीवरची रात्र आणि शहरातला दिवस दोघांच्याही वाट्याला सारखाच येईल.